मेहुण्यानं चमकवलेला ट्रक

जुन्या लष्करी ट्रकची बॉडी मूळची की मागून बसवलेली, हे टिचकीशेठ बोटानं वाजवून सांगत. चांगला पत्रा खणखणतो; पुट्टी भरलेला ओल्या गोणपाटासारखा बोलतो, त्यावर लोहचुंबकही धरत नाही. वाजवायची खोड अशी की घरात नवं कपाट आलं तरी आधी त्याला टिचकी. पण ट्रकच्या बाबतीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अशा माणसापुढे मेहुण्याचाच ट्रक यावा! उद्या जुन्या ट्रकांचं प्रदर्शन. मूळ बॉडीच्या रांगेत कोण उभं राहणार, हे टिचकीशेठ ठरवणार. मेहुण्यानं तर वर्षभर घासघासून ट्रकचा आरसा केलेला.

"दाजी, एक ओरखडा दाखवा, मिशी उतरवतो!"

"ओरखडा नाही हेच तर दुखणं आहे, शहाण्या! लढाईच्या घाईत बांधलेला ट्रक हा. वेल्डिंगचे ओबडधोबड टाके, ओघळलेला रंग, ह्याच त्याच्या जन्मखुणा. त्यावर तू ग्राइंडर फिरवलास, वर पुट्टी थापलीस. आता हा मूळचा कशावरून म्हणू?"

मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. टिचकीशेठचंही. नाही म्हणावं तर घरात बायको आहे. खोटं हो म्हणावं तर जन्मभराचा शब्द मातीत.

तेवढ्यात बायकोच गॅरेजात आली. भावाचं तोंड पाहिलं, नवऱ्याचं कपाळ पाहिलं.

"अहो, वरवर काय वाजवताय? हा लहानपणी आरशात दिसेल तेवढंच तोंड धुवायचा. कानामागे महिनाभराची माती! मडगार्डच्या पोटात बघा, सीटखाली बघा."

"ताई, निदान दाजींसमोर तरी..."

"गप रे!"

टिचकीशेठ उताणे होऊन आत सरकले. मडगार्डच्या आत चिखलाचा पापुद्रा, आणि खाली गाठीगाठींचे वेडेवाकडे टाके, त्यावर वाळलेला हिरवा ओघळ. सीटखाली तेच, दारांच्या दुमडीतही तेच. कुठेच हात लागलेला नव्हता.

"वाचलास, आळशा!" ट्रकच्या आतून आवाज आला. "बॉडी मूळचीच आहे!"

मेहुण्यानं उडी मारली, धावत गेला आणि पॉलिशपेपर घेऊन आला. "शी! एवढा गचाळपणा राहिला होता होय? सकाळपर्यंत चकाचक करतो बघा!"

ताईनं पेपर हिसकावला आणि ट्रकमध्ये चढून सीटवर बैठक मारली.

"ट्रक रांगेत लागेपर्यंत मी इथून हलत नाही. अहो, तुम्ही मडगार्ड सांभाळा. आणि तू रे, आमची जेवणं इकडेच घेऊन ये."