आठ तुकडे आणि नाव घातलेला डबा

"मॅडम, यात फूल कुठंय?"

अमेयने कुशन कव्हर माझ्या टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. अमेय आमचा मर्चंडायझर, म्हणजे परदेशी खरेदीदार आणि आमची फॅक्टरी यांच्यातला निरोप्या. टाय लावायचा, पण काम निरोप्याचंच. मी क्वालिटी इनचार्ज. माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जात नसे.

मी चष्मा पुसला. कव्हर खिडकीजवळ नेलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. फूल नव्हतं.

"असेल की रे कुठेतरी," मी म्हणाले. इतकं मूर्ख वाक्य मी नोकरीत पुन्हा कधी बोलले नाही.

आमचं युनिट वाघोलीच्या पुढे नगर रस्त्यावर होतं. पत्र्याची शेड, साठेक मशिनं, आणि साहेबांच्या केबिनमध्ये एकच कॉम्प्युटर. नव्याने सगळं जग खुलं झालं होतं म्हणे, त्यामुळे परदेशातल्या बायका चहाचा कप कशावर ठेवतात याची काळजी आम्ही वाघोलीत बसून करत होतो. ऑर्डर छोट्या वस्तूंची होती: कपाखालचे कोस्टर, चेनचे पाऊच, कुशन कव्हर. प्रत्येकावर एक कॅलिडोस्कोप ब्लॉक.

हे काय असतं ते सांगते. शाळेत तुम्ही काचेच्या तीन पट्ट्या बांधून, आत बांगड्यांचे तुकडे टाकून शोभादर्शक केला असेल. तेच कापडात करायचं. मोठ्या फुलांच्या छापील कापडावर ठरावीक अंतराने तेच फूल पुन्हा येतं. त्या अंतराला आम्ही रिपीट म्हणतो. प्रत्येक फुलाच्या अगदी त्याच जागेवरून एक निमुळता त्रिकोण कापायचा. असे आठ सारखे तुकडे टोकाला टोक लावून शिवले की मधोमध एक नवंच फूल उमटतं. ते मूळ कापडात कुठेही नसतं. सॅम्पल मी स्वतःच्या हाताने शिवलं होतं. खरेदीदारांची ईमेल आली होती, तीत चार उद्गारचिन्हं होती.

आणि आता फॅक्टरीतून आलेल्या मालात एका तुकड्यावर पान, शेजारच्यावर अर्धी कळी, तिसऱ्यावर नुसतं निळं कापड. एकाच चाळीतल्या आठ भाडेकरूंनी आपापल्या दाराला मनाला येईल तो रंग द्यावा, तसं.

खरेदीदारांचा इथला एजंट नेमका त्याच दिवशी, सोमवारी, येऊन पहिला लॉट बघून गेला. संध्याकाळी ईमेल आली. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट हवा: कारण काय, जबाबदार कोण, उपाय काय. नाहीतर ऑर्डर दुसरीकडे.

साहेबांनी मला बोलावलं. "बाई, ही सही तुमचीच ना?"

"माझीच."

"वाचून केली होती, की हात मोकळा व्हावा म्हणून?"

  तुकडे कापून आले तेव्हा मी मापं तपासली होती, डाग तपासले होते आणि सही केली होती. तुकडे जोडल्यावर काय दिसेल, हे तपासायचा रकानाच माझ्या फॉर्मवर नव्हता. तो फॉर्मही मीच तयार केला होता.

मंगळवारी मी मापांच्या मागे लागले. लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन आले. तुकड्याचं टोक पंचेचाळीस अंशांचं हवं. आठ पंचेचाळीस म्हणजे तीनशे साठ, पूर्ण गोल. एक अंश इकडेतिकडे झाला तर मधोमध तंबू उभा राहतो किंवा कडा लाटांसारख्या हलतात. पन्नास तुकडे मोजले. सगळे बरोबर. कापायचा प्लॅस्टिकचा साचा मागवून मोजला. बरोबर. शिवण मोजली. बरोबर. सगळं बरोबर, आणि फूल नाही.

बुधवारी वाटलं, तुकडे शिवणाऱ्यांच्या हातात मिसळत असतील. प्रत्येक गठ्ठ्याला नंबर बांधला आणि मशिनापर्यंत मी स्वतः मागे चालत गेले. तरी तेच. मग वाटलं, छपाईच चुकली असणार. कापडाचा ताका उलगडून रिपीट मोजला. प्रत्येक फूल जागच्या जागी.

मग स्वतःवरच शंका आली. सॅम्पल रूमचं दार लावून घेतलं, आठ तुकडे कापले, शिवले. फूल आलं. म्हणजे मी केलं की येतं, फॅक्टरीने केलं की येत नाही. क्षणभर मला बरं वाटलं आणि लगेच भीती वाटली. कापड तेच, साचा तोच, माप तेच. मला काही म्हणता काही कळत नव्हतं. बसमध्ये स्वारगेटपर्यंत मी पुढच्या सीटवरच्या बाईंच्या पदरावरची फुलं मोजत होते. त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं आणि पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

गुरुवारी सकाळी साहेब दारातच भेटले. "बाई, फूल सापडलं?"

"मापं सगळी बरोबर आहेत, साहेब."

"छान. तसंच लिहू या मग बायरला. माप बरोबर आहे, तुमची नजर फक्त चुकते आहे."

मी तडक कटिंगच्या टेबलाकडे गेले. तीन दिवसांत मी तिथं फिरकले नव्हते, कारण तिथं चांगुणाबाई होत्या. त्यांचं काम बघायला जायचं म्हणजे देवाच्या मूर्तीचं माप घेण्यासारखं होतं.

चांगुणाबाई साठीच्या होत्या, खराडीच्या. त्यांच्या शेतात आता काचेची आयटीची बिल्डिंग उभी होती. मुलाने बंगला बांधला होता, दारात दोन गाड्या होत्या. तरी बाई रोज सिक्स सीटर रिक्षात अंग चोरून बसून वाघोलीला यायच्या. मी एकदा विचारलं होतं, कशाला एवढी दगदग? त्या म्हणाल्या होत्या, "घरात तीन मोलकरनी हायती. मला कुनी एक काम सांगत न्हाई. बसून बसून मानूस येडं व्हतं, ताई."

टेबलाशेजारच्या खिडकीत त्यांचा जेवणाचा स्टीलचा डबा असे. त्यावर नाव घातलेलं होतं: 'चांगुणाबाई, कापड-बचत, प्रथम'. गेल्या दिवाळीत फॅक्टरीत माझ्याच हातून त्यांना तो बक्षीस मिळाला होता. नावाची बाजू नेहमी येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवायच्या.

मी बाजूला उभी राहून बघू लागले. त्यांनी कापड पसरलं. साचा कडेला ठेवला, खडूने आखला. मग साचा उलटा केला, पहिल्या रेघेला चिकटवला, आखला. पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. एकाची रुंद बाजू, शेजारी दुसऱ्याचं टोक. ओळ संपली तेव्हा बोटभर कापडसुद्धा उरलं नव्हतं. फुलं कुठे होती आणि साचा कुठे पडत होता, याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

"बगा," त्या खुशीत म्हणाल्या. "चिंधीबी निघत न्हाई."

 तीन दिवसांचं कोडं तीन मिनिटांत सुटलं होतं आणि सुटलं नसतं तर बरं, असं वाटत होतं.

"चांगुणाबाई, साचा फुलावर ठेवायचा, असं मी सांगितलं होतं ना?"

"फुलावरच हाय की. समदीकडं फुलंच हायती."

"साच्यावर मी पाकळीची रेघ काढली होती. ती पाकळीवर जुळवायची होती."

"ती शाईची व्हय? पुसली म्या. कापडाला डाग लागला आस्ता तर तुमीच वरडला आस्ता."

आता मला तो साचा खरा दिसला. कोनमापक लावून मी तो मोजला होता, हातात धरून फिरवला होता. रेघ गेली आहे हे दिसलंच नव्हतं, कारण मी फक्त माप शोधत होते.

मी त्यांना समजावलं. एका फुलातून एकच तुकडा काढायचा. मग पुढचं फूल, त्यातून एक.

"आन् मधलं कापड?"

"ते जातं."

"जातं म्हंजी?"

"वाया."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "कोऱ्या कापडाला भोकं पाडायची? चाळनीवानी?"

"हो."

 खिडकीकडे हात करून त्या म्हणाल्या, "ताई, मंग ह्यो डबा मला कशापायी दिला व्हता?"

डब्याच्या वर भिंतीला बोर्ड होता. 'कमीत कमी चिंध्या, तोच खरा कारागीर.' अक्षर माझं. मला फार लाज वाटली. फॅक्टरीत आजवर शेकडो वेळा मी त्या बोर्डाखालून गेले असेन.

केबिनमध्ये साहेब आणि अमेय रिपोर्टचा फॉर्म उघडून बसले होते. मी झालेलं सांगितलं. साहेबांचा चेहरा खुलला.

"संपलं तर मग. कटरची चूक. जबाबदार: चांगुणाबाई. उपाय: कामावरून कमी केलं. अमेय, टाइप कर."

"साहेब, त्या आपल्या सगळ्यात चांगल्या कटर आहेत."

"बायरला नाव हवंय, बाई. आणि त्यांचं काय अडणार आहे? त्यांचं पार्किंग आपल्या शेडपेक्षा मोठं असेल. घरी बसतील आरामात."

घरी बसणं म्हणजे त्यांना काय, हे मला माहीत होतं. साहेबांना सांगून कळलं नसतं. अमेयची बोटं कीबोर्डवर थांबली होती.

"मॅडम, स्पेलिंग सांगता का नावाचं?" त्याने हळूच विचारलं.

मी माझ्या नावाचं स्पेलिंग सांगितलं.

साहेब म्हणाले, "हा काय प्रकार?"

"साचा फुलावर का ठेवायचा, हे मी सांगितलं नाही. सॅम्पल दाखवलं नाही. कापड वाचवा म्हणून बोर्ड मी लावला, बक्षीस मी दिलं. त्यांनी मी सांगितलं तेच केलं. मी सांगितलं तेच चुकीचं होतं."

"अहो, तुमचं नाव गेलं तर पुढच्या मालावर तुमची सही कोण मानेल?"

"हे तुकडे माझ्या सहीनेच पुढे गेले होते ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "पाठव," ते अमेयला म्हणाले. माझ्यावर दया आली की उशीर झाला होता, ते मला आजही सांगता येणार नाही.

नवं कापड आलं. सॅम्पल मी कटिंगच्या टेबलावर आणून ठेवलं. चांगुणाबाई ते बोटाने चाचपत म्हणाल्या, "ह्ये आधी दावलं आस्तं तर?"  पहिलं भोक पाडायला मात्र त्या तयार होईनात. "ह्ये पाप आधी तुमी करा." मी कापलं. त्या पाठ करून उभ्या होत्या. दहाव्या तुकड्याला त्यांनी माझ्या हातून कात्री काढून घेतली, कारण मी वेडंवाकडं कापत होते आणि ते त्यांना जास्त सहन होईना. उरलेल्या जाळीच्या त्या नीट घड्या घालून ठेवायच्या. कोणासाठी, ते मी विचारलं नाही.

कुशन कव्हरची ऑर्डर रद्द झाली. कोस्टर आणि पाऊच गेले, पंधरा दिवस उशिरा. प्रत्येकावर फूल होतं. खरेदीदारांनी कळवलं की यापुढे माझ्या सहीखाली आणखी एक सही हवी. सहा महिने माझ्या प्रत्येक कागदावर अमेय सही करत होता. "मॅडम, जस्ट फॉर्मॅलिटी आहे," तो दर वेळी म्हणायचा आणि दर वेळी मला ते टोचायचं. बोर्ड मी स्वतः काढला. रिकाम्या खिळ्याला साहेबांनी कॅलेंडर अडकवलं.

रिपोर्टमध्ये कोणाचं नाव गेलं, हे चांगुणाबाईंना कळायला आठवडा लागला. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि पिशवीतून डबा काढून ठेवला. लखलखीत घासलेला.

"ह्यो ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."

"चांगुणाबाई, नाव घातलेलं भांडं कोणी परत घेतं का?"

त्यांनी विचार केला. "मंग त्यातलं 'बचत' तेवढं खोडून आना."

मी खरंच रविवारी डबा घेऊन तुळशीबागेत गेले. भांड्यांवर नावं घालणाऱ्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, इथं नाव घालून मिळतं. काढून मिळत नाही. खाली जागा आहे, अजून काही घालायचं असेल तर सांगा."  डबा तसाच परत आणून त्यांना दिला.

चांगुणाबाई पुढेही काही वर्षं आमच्याकडे होत्या. डबा रोज त्याच खिडकीत असायचा. फक्त नाव भिंतीकडे केलेलं.

तेव्हापासून मी कुणाला बक्षीस दिलं की कागदावर देते. कागद फाडता येतो.