चटयांची तळी

बालवाडीच्या बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून पालक पाठीमागे त्यांना मिरचीबाई म्हणत. मुलं मात्र त्यांचा पदर सोडत नसत. थंडी पडली, की बाई वर्गात पाखरांचा प्रवास मांडत. खिडकी म्हणजे बर्फाचा देश, दार म्हणजे उबेचा, आणि मधल्या चटया म्हणजे तळी. हात पसरून उडायचं, चटईवर टेकायचं, पोट भरायचं, पुढं निघायचं. दर फेरीला बाई एक चटई उचलत. ज्याला जागा मिळाली नाही, त्यानं खाली बसायचं. ते पाखरू पोचलं नाही.

यंदा शाळेमागच्या तळ्यावर खरी बदकं आली आणि घिरट्या घालून निघून गेली. तळं अर्धं बुजलं होतं. बाईंनी ते मुलांना खिडकीतून दाखवलं.

त्या दिवशी खेळात वर्गातली गुंडी पोचली नाही. घरी तिनं सांगितलं, "बाबा, मी उपाशी मेले." तिचे बाबा कंत्राटदार, तळ्यात माती ओतणारे पिवळे ट्रक त्यांचेच. दुसऱ्या दिवशी ते तावातावानं हजर.

"एवढ्याशा पोरांना मरण शिकवता?"

"मी चटईच उचलते. तळं उचलायला तुम्ही आहात की!"

मुख्याध्यापिका मध्ये पडल्या. "पालकदिनाला सगळी पाखरं पोचली पाहिजेत. नाहीतर पुढच्या वर्षी हा वर्ग तुमच्याकडे नसेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोटं बोलायचं, तेही लेकरांशी! घरी त्यांनी भांडी अशी आदळली, की नवरा म्हणाला, "पातेल्यानं काय घोडं मारलंय तुझं?" पण या मुलांना सोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं पुटपुटत त्यांनी पालकदिनाला सगळ्या चटया अंथरल्या.

कंत्राटदार पहिल्या रांगेत बसले होते. पाखरं उडाली, सगळी टेकली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या फेरीला बाई हाताची घडी घालून नुसत्या उभ्या राहिल्या. गुंडीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. पिवळा ट्रक माती ओतत होता.

"बाई, विसरलात," ती म्हणाली. स्वतःच्याच पायाखालची चटई तिनं ओढून गुंडाळली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली. "हे तळं घे, तुझं आहे." मग परत जाऊन उघड्या फरशीवर बसली.

टाळी एकही वाजली नाही. मुख्याध्यापिकांनी डोळे वटारले. "बाई, ती चटई परत घाला!"

वर्ग गेला तर गेला, बाईंना वाटलं.

"ज्यांच्या मांडीवर आहे," त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा."