काटा कुणी पाहिला

ॲलर्जी हा शब्द कानावर पडला की अजूनही माझं डोकं फिरतं. दहावीपासून तो ऐकत आले आहे. ओठ सुजला, ॲलर्जी. हाताचा पंजा फुगून बोटं मिटेनाशी झाली, ॲलर्जी. खारघरमध्ये मी पाच डॉक्टर केले आणि पाचही जणांनी मान वर न करता तीच गोळी लिहून दिली. गोळीने नुसती झोप यायची. सूज आपल्या मर्जीने दोन-तीन दिवसांनी उतरायची. अंडी बंद झाली, मग शेंगदाणे, मग सोसायटीतल्या बायकांच्या सल्ल्याने वांगीही. मी सगळं निमूटपणे सोडलं, याचाही मला राग येतो.

मासे तर आमच्या घरात त्याआधीच बंद झाले होते. मी नववीत असताना बाबा गेले, माशाचा काटा घशात अडकून. बाबा न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात होते आणि आम्ही उरणकडे राहायचो. एका रविवारी दुपारी ते जेवून उठले आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज घोगरा झाला. गिळता येईना. आत्या शेजारीच राहायची, ती धावत आली आणि म्हणाली, काटा अडकला. मग खाडीकाठच्या घरांत करतात तेच सगळ्यांनी केलं. कोरड्या भाताचे गोळे करून त्यांना गिळायला लावले, म्हणजे काटा खाली जातो. भात जाईना म्हणून केळं दिलं. ते मी सोललं होतं. बाबा हाताने नको नको म्हणत होते आणि आम्ही भरवत होतो. गाडी बोलवायचं सुचेपर्यंत दोन तास गेले. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं, आणि नातेवाइकांनी सांगितलं तेच तिथे लिहिलं गेलं.

तेराव्यालाच आत्या सगळ्यांदेखत आईला म्हणाली, "जरा बघून वाढाया काय झालं व्हतं?" आई उठून मागे भांडी घासायला गेली. त्यानंतर सोळा वर्षं ती लग्नाकार्यात मागे भांड्यांपाशी बसायची आणि तिथे कुणी तिला माशाला हात लावू देत नसे. खरं सांगायचं तर मलाही आत्याचं पटलं होतं. आईने जरा लक्ष दिलं असतं तर, असं मी कितीदा मनात म्हटलं आहे.

या वर्षी पोटात इतकं दुखलं की मला वाशीच्या एका हॉस्पिटलात ठेवलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी जे कुणीच विचारलं नव्हतं ते विचारलं. "सूज येते तेव्हा खाज येते का? अंगावर गांधी उठतात?"

"नाही. कधीच नाही."

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आल्यावर कागदाच्या मागे चित्र काढून समजावलं. आपल्या रक्तात काही प्रथिनं जन्मापासून पहाऱ्यावर फिरत असतात. जंतू आला की एक दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, आणि शेवटी सगळी मिळून जंतूला भोक पाडतात. ही साखळी मोकाट सुटू नये म्हणून तिला आवरणारं आणखी एक प्रथिन असतं. तेच माझ्यात जेमतेम होतं. त्याच्याच हाती रक्तातल्या दुसऱ्या एका साखळीचाही लगाम असतो. तो सुटला की रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं आणि जिथे पाझरेल तिथे सूज येते. ॲलर्जीच्या गोळ्यांचा इथे काडीचा उपयोग नाही.

"हे घराण्यात चालतं," त्या म्हणाल्या. "घसा सुजून कुणी गेलंय का घरात?"

"नाही. बाबा काटा अडकून गेले."

"काटा कुणी पाहिला?"

कुणीच नाही. इतका साधा प्रश्न, आणि सोळा वर्षांत तो एकालाही पडला नाही. निघताना त्या म्हणाल्या, "आणि दाढबिढ काढायची असेल तर आधी मला विचारा. त्यानंतर दिवसभरानेसुद्धा घसा सुजू शकतो."

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. दाढेचं ऐकून तिने जुडी खाली ठेवली.

"आदल्या दिवशी दाढ काढलेली त्यांनी," ती म्हणाली.

"त्या दिवशी मासे कोणते होते?"

"ओले बोंबील. त्यांना चावाया नको म्हनून पातळ कालवन केलेलं. बोंबलाला कसला काटा."

बोंबलाचा काटा तोंडात विरघळतो, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्यावर, त्या पाच डॉक्टरांवर, भाताचे गोळे वळणाऱ्या सगळ्या हातांवर. मी आईवरच ओरडले, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलली व्हती," तिने पुन्हा जुडी उचलली. "गोळं भरवत व्हता तवाच बोलली. कोनी ऐकला नाय."

त्या खोलीत मीही होते.