उभ्या भिंतीवरची आजी

आमची आजी नव्वदीला टेकून गेली, तरी घरात जो तो म्हणत होता, "इतक्यात कशी गेली?" तिच्या बाबतीत ते खरंच होतं. बाई अजून कशाकशाच्या तयारीत होती!

लग्नाआधी ती एका फिरत्या आनंदमेळ्यात तिकिटं फाडायची. मेळ्याच्या मधोमध लाकडी फळ्यांची उंच, कोरडी विहीर असायची. तिच्यात एक पठ्ठ्या मोटरसायकल गोल गोल पळवत थेट उभ्या भिंतीवर चढायचा आणि लोक वरच्या कठड्यावरून वाकून बघायचे. एका संध्याकाळी त्या पठ्ठ्याचं मालकाशी कडाक्याचं भांडण झालं आणि ऐन खेळाच्या वेळी तो चालता झाला. कठड्यावर ही गर्दी! मालकानं डोक्याला हात लावला.

"मालक, मी चालवू?" आजीनं विचारलं.

"तू तिकिटं फाड, माझं डोकं खाऊ नकोस."

"फाडून झाली. लोक वर उभे आहेत."

तेवढ्यात गाडी दुरुस्त करणारा मिस्त्री खाकरला. "चालवते ती. सकाळी मेळा बंद असतो तेव्हा. मीच शिकवलंय."

हा मिस्त्री म्हणजे आमचे आजोबा. शिकवलं त्यांनी, पण स्वतः कधी गुडघाभर उंचीच्या वर गेले नाहीत. त्यांना गरगरायचं.

आजीनं मिस्त्रीचीच पँट सुतळीनं कमरेला आवळली आणि गाडीला किक मारली. एक फेरी जमिनीवर, एक तळाच्या तिरक्या फळ्यांवर, आणि मग सरळ भिंत! फळ्या थडथडायला लागल्या, लोक ओरडायला लागले. "वर गेल्यावर भीती नसते गं," ती मला सांगायची, "भीती सगळी खालीच राहते. वर नुसत्या फळ्या पळतात!" तिसऱ्या फेरीला तिनं एक हात सोडला. उतरल्यावर तंबूच्या मागे जाऊन भडाभडा ओकली, आणि ओकता ओकता हसत सुटली.

मिस्त्रीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "परत करशील?"

"म्हणजे काय! उद्या दोन खेळ आहेत ना?"

त्याच तांब्यापाशी आपलं लग्न ठरलं, असं आजोबा म्हणायचे. मग गावोगाव मेळा, बोटीतून परमुलूख, मेळ्याच्याच गाडीत आईचा जन्म! आमची आई इंजिनाच्या आवाजात गाढ झोपायची आणि इंजिन बंद झालं की भोकाड पसरायची.

आई सात वर्षांची असताना भर खेळात गाडीची साखळी तुटली. गाडी आणि आजी भिंतीवरून घसरत खाली आल्या. आई कठड्यावर उभी होती. ती किंचाळली, तर मांडीचं हाड मोडून पडलेली आजी खालून ओरडली, "वाकू नकोस बाळा, पडशील!"

हाड जुळलं, पण पाय थोडा आखूड झाला. मेळा सुटला. आजोबांनी गॅरेज टाकलं, आणि शेजारीच आजीनं बायकांना मोटार शिकवायला सुरुवात केली. आधी कोणी फिरकेना. मग एक सुईण आली, तिला वेळीअवेळी घरोघर पोचायचं असायचं. तिच्या मागून अर्धा गाव! एकदा एक नवरोबा तावातावानं आला. "बायको आता शेजारी बसून माझ्या चुका काढते!"

"मग कमी करा की," आजी म्हणाली.

फक्त आमची आई शिकली नाही. खिडकीतून रोज धडे ऐकायची, पण साखळी तुटली त्या दिवसानंतर तिनं कशाच्याही हँडलला हात लावला नव्हता.

आजोबा गेल्यावर आजी वर्षभर गॅरेजकडे फिरकली नाही. मग एके सकाळी म्हणाली, "मला डोंगरापलीकडे, समुद्रावर जायचंय. जीपनं."

"आई, वय बघ तुझं!"

"बघितलं. म्हणूनच घाई आहे."

निघालो आम्ही तिघी. खिंड चढेपर्यंत आजी गाणी म्हणत होती. माथ्यावर ढग उतरले आणि नेमका तेव्हाच तिचा दुखरा पाय आखडला. तिनं गाडी कडेला घेतली, पण त्या पायानं क्लच काही दाबला जाईना. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी तेव्हा दहा वर्षांची.

आजी लंगडत मागे आली आणि आईला म्हणाली, "बस पुढे."

"मला येत नाही!"

"अगं, तुला सगळं तोंडपाठ आहे. क्लच दाबला की पुढे काय?"

"पहिला गिअर," आई रडत रडत म्हणाली.

"मग टाक."

जीप हिसका देऊन बंद पडली. परत बंद पडली. मग निघाली! एका बाजूला दरी, समोर ढग, आई ओठ चावून बसलेली आणि आजी मागून शांतपणे, "दुसऱ्यातच राहू दे. छान. वळण आलं, हॉर्न दे." चार-पाच वळणांनंतर आईचं रडणं थांबलं. आणखी थोड्या वेळानं ती चक्क ओरडली, "आई, बघ! बघ ना!"

पायथ्याच्या चहावाल्यापाशी थांबलो तेव्हा आजीचा पाय मोकळा झाला होता. तिनं किल्लीसाठी हात पुढे केला.

आईनं किल्ली मुठीत घट्ट धरली. "तू मागे बस. समुद्रापर्यंत मीच नेणार आहे!"