चोपन्न लिहू की नको?

बाई लिफ्ट दुरुस्त करायची. एकोणीस वर्षं. अडकलेल्या लिफ्टमधून तिने बड्याबड्यांना बाहेर ओढलं होतं आणि बाहेर येताच ते तिच्यावरच डाफरले होते. त्याचं तिला काही नव्हतं. पण तिने पाना धरायला शिकवलेली पोरं डिग्रीच्या जोरावर तिचेच साहेब व्हायला लागली, तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षी तिचं डोकं फिरलं. संध्याकाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जायचं तिने ठरवलं, राज्याची प्रवेश परीक्षा दिली आणि शंभरात चोपन्न पटकावले. गणिताने तारलं, निबंधाने बुडवलं. 'माझा आदर्श' तिने चार ओळींत आटोपला होता.

आणि अर्जात चौकट होती : परीक्षेचे गुण (ऐच्छिक).

"ऐच्छिक म्हणजे?" तिने लेकीला विचारलं.

"लिहायचे तर लिही, नाहीतर राहू दे."

"तुझी आत्या 'नाही आलीस तरी चालेल' म्हणते, तसंच ना? न गेलं की वर्षभर ऐकून घ्या."

"आई, मागच्या वर्षीची सरासरी एकाहत्तर आहे. चोपन्न लिहिणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा."

"आणि कोरं सोडलं तर त्यांना वाटेल, चौदा पडले."

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या टपावर बसून तिने बॅटरी धरून उभ्या असलेल्या साहेबालाच विचारलं.

"मी शाळेचे गुण अजून बायकोला सांगितले नाहीत," साहेब म्हणाला. "अकरा वर्षं झाली लग्नाला."

"तिने विचारले नाहीत?"

"विचारले की मी बाजारात जातो."

शेवटी तिने कॉलेजात फोन लावला. कारकून म्हणाला, "लिहा, नका लिहू, आम्हाला फरक पडत नाही."

"मग चौकट कशाला छापली?"

फोन कट.

त्या संध्याकाळी तिने चौकट कोरी ठेवली. "विचारलं तर लपवणार नाही," तिने लेकीला बजावलं, "पण न विचारता कपाळावर चोपन्न गोंदवूनही घेणार नाही."

मुलाखतीला तीन प्राध्यापक. थोरल्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "गुण नाही लिहिले?"

"चोपन्न पडले. शोभत नव्हते."

"मग आता का सांगताय?"

"आता तुम्ही विचारलंत. अर्जाने नुसतं सुचवलं होतं."

एक जण खुदकन हसला. तिसऱ्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. दोर तुटला तर लिफ्ट कोसळत का नाही, एवढंच त्यांनी विचारलं. बाई सुटलीच. पेन घेतलं, कागद घेतला, ब्रेक काढून दाखवला आणि उठताना म्हणाली, "तुमच्या लिफ्टचं दार दुसऱ्या मजल्यावर घासतंय. बघून घ्या."

प्रतीक्षा यादीत ती सातवी होती. वर्ग सुरू व्हायला चार दिवस असताना नंबर लागला. लेकीने पेढे वाटल्यासारखं साऱ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं. आत्या म्हणाली, "या वयात?"

पहिल्या दिवशी ती कामावरून तशीच, ग्रीसच्या डागांसकट वर्गात शिरली. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "मावशी, तो कोपऱ्यातला पंखा. कधीचा कुरकुरतोय."

तिने वर पाहिलं. "उद्या बघते," म्हणाली, आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.