वाळूतली कोनफळं

सकाळी ओट्याखालून आंबूस वास आला. तिथल्या टोपलीत, कोरड्या वाळूत, कोनफळं पुरून ठेवली आहेत. आतून जांभळे असणारे हे कंद मी गच्चीवर पोत्यात लावले होते. बियाणं आईच्या परसातलं. ते परस आता विकलं गेलंय, आई भावाकडे राहते. हे कंद नासले की ते बियाणं संपलंच.

वाळू उपसून मी एकेक कंद अंगठ्याने दाबू लागले. नवरा वैतागला. "सारखी दाबून बघतेस, त्यानेच नासतील ते!"

त्याचं खरंच होतं. मुका मार लागलेला कंद लवकर कुजतो. पण बघितल्याशिवाय राहवतं कुठे? मातीत होते तेव्हा वेलाच्या पानांवरून काहीतरी कळायचं. वाळूतला कंद काहीच कळू देत नाही. साल तशीच खरखरीत राहते आणि आत पाणी होत जातं.

सगळ्यात मोठ्या कोनफळात अंगठा सरळ आत गेला. बाकीचे घट्ट होते. मी आईला फोन लावला.

"नासलेलं फेकून दे, वाळू बदल आणि बाकीच्यांना राख चोळ," आई म्हणाली. आवाज नेहमीसारखा खणखणीत. मी हात धुतले होते, तरी अंगठ्याला वास होताच.

"आई, तू कशी आहेस?"



"सगळे म्हणतात, बरी दिसतेस."