वाचून दाखवा

सासूबाईंचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. आमच्या बेळगावजवळच्या कंग्राळीत सासूला आत्या म्हणतात. तर या आमच्या आत्या, आक्काताई, कुठल्याही कागदावर मुकाट्यानं सही करायच्या नाहीत. गॅसवाला असो की कुरिअरवाला, "आधी वाचून दाव" म्हणून त्याला उन्हात उभं करायच्या. स्वतः मराठी सातवी पास असून! माझ्या नवऱ्याचं, आदर्शचं, नववीचं प्रगतिपुस्तकसुद्धा त्यांनी त्याच्याच तोंडून वाचून घेतलं. गणितात नापास, हे बिचाऱ्याला मोठ्यानं वाचावं लागलं.

याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. सासरे वारले तेव्हा आदर्श आठवीत. दिवसकार्य उरकल्यावर आत्यांचे धाकटे दीर मारुतीराव त्यांना बेळगावात सबरजिस्ट्रार ऑफिसात घेऊन गेले. मारुतीराव प्लॉटची एजंटगिरी करतात, कानडी खडाखडा वाचतात. आत्यांना कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. "वारस लावायचा कागद हाय वहिनी, हितं सही करा," म्हणाले. त्यांनी केली. वर्षभरात रस्त्याकडच्या वीस गुंठ्यांत प्लॉटचे दगड रोवले, तेव्हा कळलं की तो हक्कसोडीचा कागद होता. जमीन गेली, आणि वर गावानं यांनाच शहाणपण शिकवलं: सही तुझीच हाय न्हवं? आपल्या लोकांची हीच तर रीत. चोराला चहा पाजतील आणि घरधन्याला विचारतील, कुलूप का लावलं नव्हतंस?

अशा बाईचं नाव आदर्शनं, जर्मनीत आम्ही विकत घेत होतो त्या घराच्या कागदावर घालायचं ठरवलं. तोवर आठ वर्षं आम्ही स्टुटगार्टजवळ भाड्यानं राहत होतो. "आईचं नाव कुठल्या तरी घरावर असू दे," एवढंच त्याचं म्हणणं. आत्या तेव्हा आमच्याकडं आल्याच होत्या. माझी ना नव्हती, पण आत्या सहीला अडून बसतील ही धास्ती होती. दीड वर्ष वणवण केल्यावर मनासारखं घर मिळालं होतं, तेही केलरबाईंमुळं. या तिथल्या घरांच्या एजंट. तळघरात ओल कुठं येते तेसुद्धा आपणहून दाखवणाऱ्या. विकणारे आजोबा मुलीकडं राहायला निघालेले. मागं दोन गिऱ्हाइकं टपलेली. ठरल्या दिवशी सही झाली नाही तर घर हातचं जाणार होतं.

केलरबाईंनी पहिलंच विचारलं, "सासूबाईंना जर्मन येतं का?"

"नाही. मी सांगेन की त्यांना," मी म्हटलं.

"तुम्ही चालणार नाही. तुम्ही घरच्या."

चार ठिकाणी फोन करून त्यांनी मूळच्या लातूरच्या एक दुभाषी बाई शोधून काढल्या.

आपल्याकडं नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा माणूस. तिथला नोटरी अख्खा कागद मोठ्यानं वाचतो. तसा कायदाच आहे. एक भाग तो वाचायचा, मग लातूरच्या बाई तो मराठीत सांगायच्या. कुंपण कुणाचं, छप्पर गळलं तर जबाबदारी कुणाची, सगळं. असे दोन तास. केलरबाई मधूनमधून आत्यांपुढं पाणी सरकवत होत्या, आणि आत्यांचा चेहरा लाल होत चालला होता. आता ही बाई भर ऑफिसात तमाशा करणार, असं मला वाटलं. झालंही तसंच.

"काही विचारायचंय?" शेवटी नोटरीनं विचारलं.

"हे मला वाचून दावलं नसतं तर?" आत्या म्हणाल्या.

"तर कागद रद्द. सही असली तरी."

आत्यांनी पेन टेबलावर आपटलं आणि उठून उभ्या राहिल्या. "सही असली तरी? आदर्श, काकाला फोन लाव."

"आई, आत्ता? ही माणसं खोळंबलीत."

"मी वीस वरसं खोळंबलोय रं!"

आजोबा घड्याळ बघायला लागले. गेलं घर, मी मनात म्हटलं, आणि आत्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. आदर्शनं फोन लावून स्पीकरवर टाकला.

"भावजी, त्या दिशी कागद मला वाचून का दावला न्हाईसा?"

मारुतीराव म्हणाले, "वहिनी, कवाचं काढून बसलाय? तवा तुमी इचारलं न्हाईसा."

"कानडी तुमास्नी वाचाय येत हुतं का न्हाय?"

"येत हुतं की."

"मग?"

"मग काय? वाचून दावलं असतं तर तुमी सही केली असती व्हय?"

वर हसलेसुद्धा. लातूरच्या बाई दोन तास एका लयीत काम करत होत्या, त्यांनी हेही वाक्य तसंच जर्मनमध्ये सांगून टाकलं. नोटरीनं चष्मा काढला. केलरबाईंच्या तोंडून एक शिवी गेली. लातूरच्या बाईंनी तीही इमानानं मराठीत करून सांगितली.

आत्यांनी फोन बंद केला. खाली बसल्या, पेन उचललं आणि आक्काताईपासून आडनावापर्यंत सही केली. घर झालं. आजोबांनी हात मिळवला, आदर्श डोळे पुसत होता.

मला मात्र घराचा आनंद होईना. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. एवढं मोठं कंग्राळी, एवढी भावकी, पंच, शिकलेली पोरं, आणि वीस वर्षांत मारुतीरावांना हा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता. लग्नानंतर तीन वर्षं मी त्याच घरात राहिले. दर रविवारी मारुतीराव जेवायला यायचे. मी त्यांना वाढत होते.